मासेवालीच्या पाठीवरचा अंगठा

हल शहरातल्या कॉरिन्थियन थिएटरच्या छतात बारा बायका आहेत. १८९६ साली बांधणाऱ्यांनी घुमटाच्या बारा फाका पाडल्या आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कलादेवता नऊच असतात. पण आमचे नगरपिते असल्या गोष्टींनी अडणारे नव्हते. उरलेल्या तीन फाकांत त्यांनी व्यापार, रेल्वे आणि मासेमारी बसवली. त्यामुळे एका बाजूला हार्प वाजवणारी, खांद्यावरचं वस्त्र घसरलेली देवता आहे, आणि तिच्यापासून तीन फाका पलीकडे भला मोठा कॉड मासा कडेवर घेतलेली, दणकट दंडांची बाई. तिला सगळं गाव मासेवाली म्हणतं. कॉडच्या खवल्यांना सोन्याचा वर्ख लावलाय, आणि बाईचा चेहरा असा की भाव करायची कुणाची छाती होऊ नये.

माझे वडील विल्फ गार्बट दर ख्रिसमसला आम्हाला तिथं नाटकाला नेत. पडदा वर जायच्या आधी ते बोटानं माझी हनुवटी उचलायचे आणि म्हणायचे, "लॉरेन, मासेवाली बघ. मी टांगलीय तिला. केसाएवढा तडा दाखव, सगळ्या टॉफ्या तुझ्या." मान दुखेपर्यंत मी बघायची. तडा कधीच सापडला नाही. शाळा सुटल्यावर बाकीच्या पोरी बिस्किटांच्या कारखान्यात गेल्या आणि मी प्लॅस्टरच्या कामात शिरले, ती त्या मासेवालीपायी. आज पंचावन्न वर्षांची आहे, गुडघे कामातून गेलेत, आणि अजून तेच करते.

असलं छत दगडासारखं भक्कम असतं असं लोकांना वाटतं. ते असतं बोटभर जाडीचं, साच्यात ओतलेलं प्लॅस्टर. वरच्या अंधारात ते लाकडी तुळयांना बांधलेलं असतं, ओल्या प्लॅस्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्यांनी. पट्टी तुळईवरून घ्यायची, बाईच्या पाठीत बसवलेल्या कामटीखालून काढायची, गुंडाळायची, सुकू द्यायची. खाली हजार माणसं बसतात ती गोणपाटाच्या भरवशावर. तिकिटावर हे छापत नाहीत.

आणि आमच्या गावच्या कारागिरांची एक रीत आहे. फाकेची शेवटची पट्टी बांधून झाली की ओल्या प्लॅस्टरमध्ये आपला उजवा अंगठा दाबायचा. ज्याची फाक त्याचा अंगठा. खालून तो कुणाला दिसत नाही. पन्नास वर्षांनी जो कारागीर वर चढेल त्याच्यासाठी तो असतो.

१९६८ साली थिएटरच्या वरची पाण्याची टाकी फुटली आणि छताच्या जुन्या पट्ट्या भिजून कुजल्या. त्या बदलायचं काम मुकादम पॉस्किटच्या टोळीला मिळालं. टोळीत माझे बाबा होते आणि त्यांचा जिवलग क्लिफ स्टॅथर्स होता. क्लिफ आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. त्याच्या बायकोला, एनिडला, मी आंटी म्हणायची. त्या बटाट्याच्या पॅटी तळायच्या आणि मी त्यांच्या मागच्या पायरीवर बसून बोटं भाजत खायची.

तीन वर्षांनी, जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारच्या खेळाला, हार्पवाली छतातून निखळून खाली आली. मध्यंतर होतं, म्हणून बहुतेक माणसं बाहेर होती. बेरिल कॉवुड नावाची एकोणीस वर्षांची पोरगी गळ्यात आइस्क्रीमचा ट्रे अडकवून नेमकी तिथं उभी होती. ती जागच्या जागी गेली.

चौकशी बसली. पॉस्किटच्या वहीत लिहिलं होतं: हार्पवाली, स्टॅथर्स. मासेवाली, गार्बट. वही मोठ्यानं वाचून दाखवली. क्लिफला उभं करून विचारलं, तुझं काही म्हणणं आहे? तो म्हणाला, नाही. संपलं. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. पुन्हा कुणी त्याच्या हातात थापी दिली नाही. गोदीत माशांच्या पेट्या उतरवायला लागला, मग गोदीही बसली. १९७९च्या नोव्हेंबरात तो हंबर नदीच्या गाळात सापडला. पाय घसरला, असं म्हणाले. चार इंची तुळईवर जन्म काढलेल्या माणसाचा पाय धक्क्यावर घसरला म्हणे.

चौकशी संपली त्या दिवशी बाबा घरी आले आणि मला एवढंच म्हणाले, "मागच्या गल्लीत जायचं नाही." मी दहा वर्षांची होते. मी समजायचं ते समजले, आणि त्यानंतर एनिड आंटी समोरून आल्या की रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

कॉरिन्थियनच्या छताची वार्षिक तपासणी बाबांनी पुढं तीस वर्षं स्वतःच केली. मी त्यांच्याच हाताखाली शिकले, पण तिथं मला कधी चढू दिलं नाही. "ते माझं आहे," म्हणायचे. मला वाटायचं, अभिमान. त्यांच्यानंतर लीड्सहून एक साहेब यायचे, मधल्या फळीवर उभं राहून टॉर्च फिरवायचे आणि सही करून जेवायला जायचे. मग लंडनला एक छत पडलं आणि नियम बदलला. आता प्रत्येक पट्टीला हात लावून बघावं लागतं. गेल्या वर्षी थिएटर दुरुस्तीसाठी बंद झालं आणि छताचं काम माझ्याकडे आलं.

मासेवालीच्या पाठीपर्यंत पोचायला हवेच्या पत्र्याच्या डक्टखालून पोटावर सरपटत जावं लागतं. पंधरा हात अंतर असेल. तोंडासमोर टॉर्च, पाठीला पत्रा, नाकात शंभर वर्षांची धूळ. मी मनातल्या मनात बाबांना सलाम ठोकला. अगं बाई, हा माणूस इथं घुसून काम करत होता!

पट्ट्या पाहिल्या आणि सगळे कष्ट विसरले. लोखंडासारख्या कडक. एकेक वळण मोजून घेतलेलं, कुठं गोळा नाही, कुठं उणं नाही. खालून कुणाला न दिसणारं काम इतकं देखणं करणारा माणूस हजारात एक. मी शेवटची पट्टी शोधली. अंगठा होता. मी त्यात माझा अंगठा ठेवून बघितला. तो बुडाला. मोठ्या पुरुषाचा, नखापर्यंत पुरा अंगठा. पेरावर तिरपी एक जखमेची रेघ, स्वच्छ उठलेली.

माझ्या बाबांना उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. सतराव्या वर्षी कामट्या कापायच्या यंत्रात गेलं.

मग मागं सरपटत बाहेर आले आणि हार्पवालीकडे गेले. ती आता प्लायवूडची आहे. पडल्यावर लाकूड ठोकून वर रंगवली, खालून फरक कळत नाही. पण भिंतीलगत मूळ प्लॅस्टरची दोन वीत रुंदीची कड उरली आहे, पट्ट्यांसकट. मी एक पट्टी चिमटीत धरली. तिचं पीठ झालं.

हे का होतं ते आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कालवलेलं प्लॅस्टर बादलीत बसायला, म्हणजे घट्ट व्हायला लागलं की फेकून द्यायचं. त्यात पाणी घालून पुन्हा ढवळलं तर ते मऊ होतं, लावता येतं, सुकतंही. दिसायला अगदी चांगल्यासारखं. पण ते मेलेलं असतं. त्यात जोर येत नाही. वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं गोणपाट एकटं भार ओढतं आणि मग सोडून देतं.

भिंतीपाशी, शेवटच्या पट्टीवर, एक बोथट खड्डा होता. नख नाही, पेर नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना तोच थोटका अंगठा मी मुठीत घट्ट धरायची.

खाली आले तर थिएटरची व्यवस्थापक फिलिपा वाटच बघत होती. तीस वर्षांची, कायम उत्साहात. "लॉरेन, पाटी रंगवणारा गुरुवारी येतोय. कारागिरांच्या नावांची पाटी, दर्शनी दालनात. मासेवालीपुढे तुझ्या बाबांचं नाव. आणि फीतही त्यांनीच कापायची हं! चौऱ्याऐंशी म्हणजे काय, अजून ठणठणीत आहेत की."

"गुरुवारपर्यंत नाव पक्कं करू नकोस," मी म्हटलं.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. घरी पोचले तेव्हा ते वाटाण्याचं सूप पीत होते. मी कोटही काढला नाही.

"मासेवालीच्या पाठीपर्यंत जाऊन आले."

"डक्टखालून?"

"दुसरा रस्ता आहे का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. रुमालानं तोंड पुसलं, सावकाश. "म्हणजे बघितलास."

"दोन्ही बघितले. बोला आता."

"काय बोलू? तुला सगळं कळलंय."

"मला कळलंय ते प्लॅस्टरनं सांगितलं म्हणून. तुम्ही सांगा."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला आत जाता येईना. डोकं आत घातलं की तोंडात चुना यायचा." १९४१ साली, महायुद्धात, त्यांच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. अकरा तास छताखाली गाडले गेले होते, शेजारी त्यांची मेलेली बहीण. हे मला ठाऊक होतं. पण हा माणूस धंद्यात कुठल्या फटीत शिरला आणि कुठल्या नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. "क्लिफनं बघितलं. म्हणाला, विल्फ, तू हार्पवाली घे, तिथं मोकळं आहे. पॉस्किटला नको सांगायला, उगाच टोळीभर हसं करील तो. बदललं आम्ही आपापसांत."

"आणि मेलेलं प्लॅस्टर?"

"शुक्रवार होता. थंडी. बादली बसायला लागली. दुसरी कालवायची तर नव्वद पायऱ्या उतरायच्या, नव्वद चढायच्या. पाणी मारलं. एकदाच."

"मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत तुम्ही?"

"बसलेलं फेकायचं."

"कान धरून शिकवलंत, बाबा."

"म्हणूनच ना," ते म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. "चौकशीत मूग गिळून बसलात."

"तीन दिवस चालली. रोज सकाळी ठरवून जायचो, आज सांगायचं. क्लिफ समोरच्या बाकावर असायचा. त्यानं माझं नाव घेतलं असतं ना, तर मी लगेच हो म्हटलं असतं. देवाशपथ."

"वा! म्हणजे चूक त्याची."

"कारागीर जोडीदाराचं नाव साहेबापुढं घेत नाही, लॉरेन. ते ज्याचं त्यानं घ्यायचं असतं."

"मग घ्यायचं होतं ना!"

ते रुमालाची घडी घालायला लागले. मी विचारलं, "तीस वर्षं तुम्हीच वर चढत होता. त्याचा अंगठा पुसला का नाहीत?"

"गेलो होतो. दोनदा. बादली घेऊन. डक्टपाशी गुडघ्यावर बसलो, डोकं आत घातलं..." त्यांनी मान हलवली. "नाही जमलं."

मला वाटलं होतं, मैत्रीला जागून ठेवला असेल. तेही नव्हतं. ज्या भीतीपायी क्लिफनं त्यांना सांभाळून घेतलं, त्या भीतीनंच त्याचा अंगठा वाचवला होता.

"आणि तुमचा? तो तर हाताशी होता."

त्यांनी आपल्या थोट्या अंगठ्याकडे बघितलं. "तो माझाच आहे. तो कशाला पुसू?"

"एनिड आंटी जिवंत आहेत. त्या जुन्या गल्लीतच राहतात. जाऊन सांगा त्यांना."

"सांगतो. जरा खोकला कमी झाला की."

त्यांना खोकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वर चढले, साच्याचं पातळ रबर आणि छोटी बादली घेऊन. साच्याचं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. मासेवालीच्या पाठीवरच्या ठशात रबर भरलं, तासभर त्या पत्र्याखाली पडून राहिले, मग अलगद सोडवून घेतलं. ओल्या प्लॅस्टरवर उमटलेला ठसा म्हणजे तयार साचाच. त्यातून जो बाहेर आला तो क्लिफ स्टॅथर्सचा अंगठा होता. वर्कशॉपमध्ये त्याचा पुन्हा साचा केला आणि ताज्या, जिवंत प्लॅस्टरमध्ये ओतला. रेषा न् रेषा आली.

मग अहवाल लिहिला. मासेवाली: क्लिफर्ड स्टॅथर्स, काम निर्दोष. हार्पवाली: विल्फ्रेड गार्बट, प्लॅस्टर मेलेलं. खाली माझी सही, गार्बट. फिलिपाला फोन करून पाटीवरचं नाव बदलायला सांगितलं. ती गोंधळली. "मग बाबांचं नाव कुठं घालू?"

"हार्पवालीपुढं."

"पण ती तर प्लायवूडची आहे."

"माहीत आहे मला."

एनिड आंटींनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या, काटकुळ्या, डोळे तसेच तिखट. "विल्फची पोरगी. चांगली पंचेचाळीस वर्षं लागली की गं रस्ता ओलांडायला."

"आत येऊ का, आंटी?"

"ये. पाय पूस. तुमच्या धंद्यातली माणसं घरभर पांढरं करतात."

चहा आला. मी रुमालाची गाठ सोडून त्यातला प्लॅस्टरचा अंगठा टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. अंगठा उचलला नाही, नुसतं बोट त्या तिरप्या रेघेवरून फिरवलं.

"मटणाचा पत्र्याचा सीलबंद डबा," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, विदर्नसीला, समुद्रावर. झाकण सोलायची किल्ली तुटली म्हणून चाकूनं उघडत होता गाढव. माझ्या नव्या ब्लाउजवर सगळं रक्त." मग त्यांनी तो उचलला आणि मुठीत धरला. "कुठं मिळाला?"

मी सांगितलं. सगळं. डक्ट, बदललेल्या फाका, मेलेलं प्लॅस्टर, बाबांचं सूप. मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"चौकशीच्या पहिल्या दिवसापासून. घरी आल्या आल्या सांगितलं त्यानं. मी म्हटलं, मग बोलत का नाहीस मेल्या? तर म्हणाला, मी कसा बोलू? विल्फनं बोलायचं ते. उद्या बोलेल बघ. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी निकाल लागला, तरी तेच. उद्या येईल विल्फ. आठ वर्षं, पोरी. मी ताट वाढायची आणि हा दाराकडे तोंड करून बसायचा. मी शेवटी टेबल फिरवून ठेवलं, तर हा खुर्ची फिरवून बसला."

"तुम्ही का नाही बोललात?"

"त्यानं शपथ घातली होती. आणि मेल्यावर कुणाला सांगायचं? बायको काय, म्हणणारच."

मी पाटीचं सांगितलं. नाव येईल, दर्शनी दालनात, सोनेरी अक्षरांत. सगळ्यांना कळेल. बोलताना माझ्या लक्षात येत होतं की मी शाळेतल्या पोरीसारखी बक्षीस दाखवतेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुला विल्फनं येऊन सांगितलं?"

"नाही. मला वर सापडलं. मग मी विचारलं, तेव्हा कबूल केलं त्यांनी."

"तुझ्यापाशी."

"हो."

"इथं कोण आलंय? तू."

"हो, आंटी."

"मग विल्फ अजून बोललेला नाही." त्यांनी अंगठा ॲप्रनच्या खिशात टाकला. "तू गुणाची आहेस. पाटी कर, चांगलंच आहे. पण क्लिफ पाटीची वाट बघत नव्हता. विल्फला पाठव. आज मी आहे, उद्याचं माझं काही खरं नाही, डॉक्टरनं तसं सांगितलंय. आणि त्याला सांग, माझं दार मोठं आहे. सरपटावं लागणार नाही."

मी गाडी दारात तशीच चालू ठेवून घरात शिरले. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, स्वच्छ शर्ट घातलेला. म्हणजे त्यांनी तयारी केली होती.

"काय म्हणाली?"

"त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. क्लिफनं सांगितलं होतं. तो तुमची वाट बघत होता. आता त्या बघताहेत. त्यांच्याकडे वेळ थोडा आहे, बाबा. चला."

मी खुंटीवरचा त्यांचा कोट काढला आणि बाह्या उघडून त्यांच्यामागं धरला. त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले. उजव्या हाताचा थोटका अंगठा दाबानं पांढरा पडला. अर्धे उठले. दाराकडे बघितलं, बाहेर चालू असलेल्या गाडीकडे बघितलं, आणि तोंडात काही आल्यासारखे ओठ घट्ट मिटून हळूहळू पुन्हा खाली बसले.

"उद्या," बाबा म्हणाले. "उद्या नक्की जाऊ."

मी कोट धरून तशीच उभी राहिले.